कोंबडा दाखवायचा कार्यक्रम

आयुष्यात मी दोनदा स्थळ म्हणून बसलो. पहिल्यांदा विट्याला, होणाऱ्या सासऱ्यांसमोर. तो कार्यक्रम पोहे संपेपर्यंत चालला. दुसऱ्यांदा इंग्लंडात, हार्टफर्डशायरमधल्या एका निवृत्त पोस्टमनच्या स्वयंपाकघरात. तो दोन तास चालला. पहिल्या खेपेला बायको मिळाली, दुसऱ्या खेपेला एक कोंबडा आणि दोन कोंबड्या. चौकशी कुठे जास्त कसून झाली, हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

म्हातारबुवांनी विचारलं, घर स्वतःचं की भाड्याचं? कुंपणाची जाळी जमिनीत किती खोल पुरली आहे? कोल्हा येतो का? (इथे कोल्हा रात्री गल्लीतून असा फिरतो, जसा आपल्याकडे पतसंस्थेचा वसुलीवाला.) वर्षातून किती दिवस भारतात जाता, आणि तेव्हा मागे कोण असतं? शेजारी समजूतदार आहेत का? पगार तेवढा विचारला नाही. मी बायकोचा फोटो दाखवला, त्यांनी कुंपणाचा मागितला.

मग त्यांनी कपाटातून वह्या काढल्या. तीस वर्षांच्या. कुठला नर कुठल्या मादीला दिला, किती अंडी झाली, किती पिल्लं निघाली, त्यातली किती नीट पिसांची, सगळं बारीक अक्षरात. आमच्याकडे सांगलीच्या बाजूला हेळवी येतो, चोपडं उघडतो आणि घराण्याच्या सात पिढ्या घडाघडा म्हणून दाखवतो. म्हातारबुवा चौदा पिढ्यांपर्यंत गेले. कोंबड्यांची पिढी वर्षाची असते हे खरं, पण मला माझे पणजोबा सांगता येत नाहीत हेही खरं.

त्या पाखरांचं नाव सेब्राइट बँटम. ‘बँटम’ म्हणजे ठेंगणी कोंबडी. जावा बेटावर बांतेन नावाचं बंदर आहे, तिथून खलाशी ही ठेंगू कोंबडी जहाजावर घेत, त्या बंदराचं नाव पाखराला चिकटलं. पुढे ते बॉक्सिंगमधल्या हलक्या गड्यांना गेलं. १९१४ साली पाच फूट तीन इंचांपेक्षा बुटके म्हणून फौजेने परत पाठवलेल्या लोकांची इंग्लंडात वेगळी पलटण निघाली, तिलाही बँटमच म्हणत. मी पाच फूट चार. एका इंचाने वाचलो.

सेब्राइट हे मात्र एका माणसाचं आडनाव. सर जॉन सेब्राइट, जन्म १७६७, मृत्यू १८४६. आमच्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर बीचवूड पार्क नावाचा त्यांचा वाडा अजून उभा आहे, तिथे आता शाळा भरते. हे जहागीरदार पार्लमेंटात बसत. १८३१ साली मतदानाचा हक्क वाढवणारं मोठं रिफॉर्म बिल पहिल्यांदा मांडलं गेलं, तेव्हा त्याला अनुमोदन देणारे हेच. एवढं देशकार्य करून उरलेल्या वेळात माणूस काय करेल? यांनी कबुतरं पाळली, कुत्री पाळली, ससाण्यांच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं, जनावरांच्या जाती कशा सुधाराव्यात यावर १८०९ साली एक पुस्तिका छापली, जी पुढे डार्विनने मन लावून वाचली. कबुतराचं म्हणाल ते पीस तीन वर्षांत काढून देतो, पण डोकं आणि चोच म्हणाल तशी हवी असेल तर सहा वर्षं लागतील, असं ते सांगत, ही गोष्ट डार्विननेच नोंदवून ठेवली आहे. आमच्या शिंप्याने ब्लाऊजची तारीख इतक्या खात्रीने कधी दिली नाही.

आणि या गृहस्थांनी वर्षानुवर्षं खपून ही कोंबडी बनवली. कशात काय मिसळलं याचा पक्का हिशोब मागे ठेवला नाही. जाणकार कुणी नानकीन म्हणतात, कुणी पोलिश, कुणी हॅम्बर्ग. मसाल्याचं प्रमाण सुनेला न सांगता गेलेल्या सासूसारखं झालं. १८१०च्या सुमारास लंडनला हॉबर्न भागात ग्रेज इन कॉफी हाऊसमध्ये त्यांनी आपल्या कोंबडीचा क्लबही काढला. एकाच जातीसाठी निघालेला हा पहिला क्लब मानतात. दरवर्षी मंडळी पाखरं घेऊन जमत आणि एकमेकांची पिसं बघत. कॉफीत काय पडत असेल, देव जाणे.

पण पिसं बघावीत अशीच आहेत, हे कबूल करायला हवं. सेब्राइट दोन रंगांत मिळते, सोनेरी आणि चंदेरी. माझी चंदेरी. अंगावरचं प्रत्येक पीस पांढरंशुभ्र, आणि त्याला सगळीकडून सारख्या जाडीचा काळाभोर काठ. मानेपासून शेपटीपर्यंत एकही पीस काठाशिवाय नाही. पैठणीला एक पदर असतो. इथे शेकडो पिसं आणि प्रत्येकाला स्वतंत्र काठ. पाय निळसर, छाती पुढे, पंख खाली टेकवलेले, चाल अशी की सगळी हिरवळ आपल्या नावावर आहे. वजन नराचं ६२० ग्रॅमच्या आसपास, मादी त्याहून हलकी. म्हणजे मंडईतल्या मध्यम फ्लॉवरइतका ऐवज, आणि तोरा जहागीरदाराचा.

आता खरी गंमत. या जातीत नराने मादीसारखं दिसायचं असतं. कोंबड्याची ती विळ्यासारखी वळलेली शेपटी नको, मानेवरची लांब टोकदार पिसं नकोत, काही नको. नर जितका हुबेहूब मादीसारखा, तितका खानदानी. शेपटीत एक जरी पीस बाकदार निघालं तरी परीक्षक तोंड फिरवतो. मला हे समजायला मराठी माणूस म्हणून वेळ लागला नाही. स्त्रीवेशात पुरुष उभा राहिला आणि बायकांनी त्याच्याकडे बघून साडी नेसायची पद्धत बदलली, हे आपल्या रंगभूमीने बघितलेलं आहे. म्हणून मी कोंबड्याचं नाव नारायणराव ठेवलं. आई म्हणाली, एवढ्या मोठ्या माणसाचं नाव कोंबड्याला? लाज वाटते का? तडजोड होऊन नुसतं ‘राव’ राहिलं.

हे असं का होतं, याचा छडा लावायला अमेरिकेत टी. एच. मॉर्गन बसला होता. फळमाशीवर काम करून १९३३ साली ज्याला नोबेल मिळालं, तोच. त्याने सेब्राइट कोंबडे खच्ची केले. साधा कोंबडा खच्ची केला तर त्याचा पिसारा होता तसाच राहतो. सेब्राइटला मात्र नवी पिसं आली ती अस्सल कोंबड्याची, लांब शेपटी, टोकदार मान, सगळा मर्दानी थाट. पुरुषपण काढून घेतलं आणि पुरुषी रुबाब उगवला. कारण पुढे सापडलं: या जातीच्या कातडीतसुद्धा नराच्या संप्रेरकाचं मादीच्या संप्रेरकात रूपांतर होत असतं. मला इतकंच कळलं की नराचं आतलं एक आणि बाहेरचं एक असतं, आणि ते सेब्राइटपुरतं शास्त्राने सिद्ध झालेलं आहे.

आई सहा महिन्यांच्या व्हिसावर मेमध्ये आली. तिची हयात खुराड्याशेजारी गेली. मी अभिमानाने तिला पाखरं दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली.

“ह्यातला कोंबडा कंचा?”

मी राव दाखवला. तिने त्याला एका हाताने उचललं, उलटा केला, सुलटा केला, खाली ठेवला.

“तिन्ही तलंगाच हैत. तुला कुणीतरी फसवलंय.”

त्याच क्षणी राव मान ताणून आरवला. आई दोन पावलं मागे सरली. मग तिने त्याला पुन्हा उचलून बघितलं आणि म्हणाली, एवढ्याचा रस्सा करायचा म्हटलं तर फोडणीच वाया जायची. अंडी किती घालते? वर्षाला साठ-सत्तर, मी म्हणालो. केवढी? मी अंडं दाखवलं. आईने ते तळहातावर घेतलं, मूठ मिटली, अंडं दिसेनासं झालं. पुढचे दोन दिवस या विषयावर ती काही बोलली नाही. मुलाने शिकूनसवरून हे केलं, असा चेहरा करून ती नुसती तांदूळ निवडत होती. तांदूळ निवडलेलेच होते.

तिसऱ्या दिवशी तिने रात्रीची पोळी कुस्करून खुराड्याकडे नेली, आणि मला तिच्यामागे धावावं लागलं. कारण इंग्लंडात तो गुन्हा आहे. थट्टा नाही. स्वयंपाकघरातून आलेलं काहीही, शिळी पोळी, भात, भाजीची देठं, पाळीव कोंबडीलासुद्धा घालायची मनाई आहे. २००१ साली इथे लाळ्या-खुरकतीची भयंकर साथ आली, तेव्हापासून खरकट्याबाबत फार कडक झालं. घर पूर्ण व्हीगन असेल तर सूट आहे. आमच्या घरात दही आहे. बागेतून तोडलेलं कोबीचं पान थेट घालता येतं, पण तेच पान आधी ओट्यावर जाऊन आलं की ते बाटलं.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. “म्हंजे कोंबडीचं सोवळं हाय तर,” ती म्हणाली. एवढ्या वर्षांत त्या नियमाचा इतका नेमका अर्थ मला कुणी सांगितला नव्हता.

(पुढे ऑक्टोबर २०२४ पासून तर घरात एक जरी कोंबडी असली तरी तिची सरकारदरबारी नोंद करणं सक्तीचं झालं. आईला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, मग रेशन मिळतं का?)

आणि ती पहाट. आपल्याकडे म्हण आहे, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. मला वाटत होतं ही लाक्षणिक आहे. इथे कोंबडा खरोखर झाकतात. रात्री त्याला बुटक्या, अंधाऱ्या पेटीत ठेवायचं. मान वर ताणता आली नाही की धड आरवता येत नाही. डावीकडच्या घरातून माझ्या दारात एक चिठ्ठी आली होती. इतकी सभ्य की वाचून घाम फुटावा. “आपल्या पाखराची प्रकृती बरी आहे ना?” असं विचारलं होतं. तेव्हापासून मी रोज रात्री कोंबडं झाकतो. पण जूनमध्ये इथे पावणेपाचलाच उजाडतं, पेटीच्या फटीतून उजेडाची रेघ आत जाते, आणि राव बसल्या जागी, मान वाकवून, दमेकऱ्यासारखा आरवतो. पूर्वजांनी ही म्हण प्रयोगाअंती लिहिली असणार, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता मुख्य विषय, वंश वाढवण्याचा. ही जात दुर्मीळ. जी मंडळी पाळतात ती मोजकी, वयाने पिकलेली, आणि एकमेकांना नावाने नव्हे तर कोंबड्यांवरून ओळखणारी. त्यामुळे दर वसंतात सगळ्यांना एकच घोर असतो, यंदा पिल्लं किती. मी रावाची बारा अंडी यंत्रात ठेवली. सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरायचा असतो; आत लाल शिरांचं जाळं दिसलं की जीव धरला. मी टॉर्च धरला. बाराच्या बारा कोरी. आत पोस्टकार्डाएवढंही काही लिहिलेलं नव्हतं. पुन्हा दहा ठेवली. दहाही कोरी.

यात नवल नाही, असं नंतर कळलं. जहागीरदारांनी पीस असं घडवलं, शेपटी अशी बसवली, पण त्या नादात जवळच्याच नात्यात सोयरिकी होत गेल्या. गंमत म्हणजे असं करू नका हे त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. सख्ख्या नात्यात पैदास करून आपली कुत्री कशी किरटी झाली, हेही सांगितलं होतं. पण पिसाचा मोह. डार्विनने या चंदेरी कोंबड्यांचा वंश डोळ्यांनी बघितला, आणि एका वर्षी अंड्यांनी भरलेल्या दोन घरट्यांतून एकही पिल्लू निघालं नाही, असं लिहून ठेवलं. आमच्याकडे हे शास्त्र कुळंबीण म्हातारीलाही माहीत असतं. सगोत्र नको म्हणतात ते काय उगाच?

मी म्हातारबुवांना फोन केला. ते हसले. म्हणाले, राव दाखवण्यासाठी आहे. वंशासाठी दुसरा बघायचा. या जातीत दिसायला जितका बिनचूक नर, तितका पिल्लांच्या बाबतीत गरीब, अशी जुन्या पालकांची तक्रारच आहे. शेपटीत थोडा दोष असलेला, जरासा कोंबड्यासारखा दिसणारा नर चांगला बाप होतो. ही गोष्ट त्यांनी मला त्या दोन तासांत सांगितली नव्हती. स्थळ दाखवताना कोण सांगतं?

नॉरफकमध्ये एका बाईंकडे असा नर असल्याचं त्यांनी कळवलं. वह्या चाळून सात पिढ्यांत रावाच्या घराण्याशी संबंध नाही, याची खातरजमा करून दिली. मी अडीच तास गाडी चालवत गेलो. नर पाहिला. शेपटीत दोन पिसं सरळसरळ बाकदार, पाठीवरचे काठ पुसट, नजर थोडी उडाणटप्पू. नाव मनात आपोआप आलं, गण्या. बाईंनी पैसे घेतले नाहीत. नंतर एक मादी पाठवा म्हणाल्या. या व्यवहाराला आमच्याकडे साटंलोटं म्हणतात, तेही मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना शब्द फार आवडला.

गण्या आला आणि सूत्रं आईकडे गेली. यंत्र तिने बाद केलं. सेब्राइट मादी सहसा खुडूक होत नाही. अंडं घालते आणि चालू लागते, मागचं तुम्ही बघा. आईने चार दिवस मोहल्ला फिरून, मोडक्या इंग्रजीत, एका बाईंची सिल्की जातीची खुडूक कोंबडी शोधून काढली. खुडूक कोंबडी बघून तिला कोण आनंद. परदेशात ओळखीचं पहिलं माणूस भेटावं तसा. इंग्रजीत ‘ब्रूडी’ म्हणतात, मी सांगितलं. “म्हणू देत. हाय खुडूकच.” संध्याकाळी अंधार पडल्यावर तिने अकरा अंडी रवणाला घातली. गवताखाली विळ्याचं तुटकं पातं ठेवलं, वीज कडाडली तर अंडी नासतात म्हणून. मी म्हटलं, आई, इथली वीज कडाडत नाही, घसा साफ करते. तरी पातं राहिलं.

विसाव्या दिवशी पहिलं टोचलं. अकरातली सात धरली होती, पाच फुटली. लिंबाएवढी पिल्लं. आई रात्रभर खुराड्यापाशी स्टूल टाकून बसली. एक पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं. ही जात नाजूक, पिल्लं दगावतात. आईने विचारलं, मानमोडी होती का? मी म्हटलं नाही, पण तिला एक गोष्ट सांगितली: त्या रोगाला शिकलेली माणसं आपल्याकडे राणीखेत म्हणतात आणि इंग्लंडात न्यूकॅसल. दोन्ही गावांची नावं. “म्हंजे दोघांनी आपापल्या गावाला बट्टा लावून घेतला,” आई म्हणाली. “आपलं मानमोडी बरं. कुणाचं गाव नाही.”

नर-मादी एकसारखीच, त्यामुळे चार पिल्लांत कोण काय हे कळेना. आई रोज नवीन अंदाज सांगायची. सप्टेंबरात एक आरवला. आठवड्याने दुसरा. मग तिसरा. चौथीकडे आम्ही सगळे श्वास धरून बघत राहिलो. ती आरवली नाही. शेवटी ती नॉरफकला गेली, साटंलोट्याच्या बोलीप्रमाणे. शब्द म्हणजे शब्द.

प्रदर्शन नेमकं दिवाळीच्या दिवसांत आलं. नरकचतुर्दशीला पहाटे आई उठली तर न्हाणीघरात मी आणि राव. पाखराला प्रदर्शनाआधी आंघोळ घालावी लागते. कोमट पाणी, लहान मुलांचा शाम्पू, मग दुसरं पाणी, मग तिसरं, मग टॉवेलात गुंडाळून हेअर ड्रायर, पिसाच्या दिशेने, उलटा नाही. तुरा किंचित तेलाचं बोट लावून पुसायचा. पायाचे खवले जुन्या टूथब्रशने घासायचे. आईने दारात उभं राहून हे सगळं बघितलं.

“घरातली पहिली आंघोळ कोंबड्याची?”

मी म्हटलं, झालंच. ती आत गेली आणि वाटीत उटणं घेऊन आली. नको म्हणता म्हणता थोडं रावाच्या पायांना लागलंच.

प्रदर्शन गावच्या सभागृहात. रांगेने पिंजरे, प्रत्येक पिंजऱ्यापुढे मालक, आणि प्रत्येक मालकाच्या तोंडावर माझी मुलगी शिकलेली आहे हा भाव. परीक्षकाने रावाला बाहेर काढलं, पंख उघडले, शेपटी पसरली, छातीवरची पिसं एकेक मागे सारून काठ बघितले. मग हुंगलं. दोनदा हुंगलं. काही बोलला नाही. आईने माझ्या कानात विचारलं, चालून दाखव म्हणणार का? रावाचा दुसरा नंबर आला. चंदेरी नरांच्या वर्गात पिंजरे दोनच होते, हे आईला कळायला वेळ लागला, पण कळलं.

नोव्हेंबरात ती परत गेली. दर रविवारी फोन करते. आधी गण्या कसा आहे विचारते, मग मी.

तर वाचकहो, तुमचं कुणी इंग्लंडात असेल, आणि त्याच्या ओळखीत चंदेरी सेब्राइट मादी असेल, तर निरोप पोचवा. मुलं तीन आहेत. वजन सहाशेच्या आसपास, रंग गोरा, काठ ठळक. एकाच्या शेपटीत एक पीस वाकडं आहे, ते लपवत नाही. उलट तोच आधी बघावा, असं त्याच्या आजीचं मत आहे. आरवतात, पण झाकून ठेवतो. देणंघेणं काही नाही. नॉरफकचं स्थळ नको, तिथे आता नातं लागतं.